पावणी ऐकायलीय

गॅसवाला दारात टाकी उतरवतो आणि मोबाईलवर आलेला नंबर विचारतो, तेव्हा तुम्ही काय करता? नंबर सांगून मोकळे होता. आमचे अप्पा त्याचा उजवा हात धरतात, त्यावर खांद्यावरचं उपरणं टाकतात आणि उपरण्याखाली त्याची बोटं दाबायला लागतात. जितकी बोटं दाबली तितका आकडा, पाचाच्या पुढं गेलं की त्याच बोटांना पुन्हा वेगळा चिमटा, आणि शून्याला गच्च मूठ. सगळा नंबर असा देऊन झाला की उपरणं झटकून खांद्यावर टाकतात आणि म्हणतात, "झालं. आता टाक गुमान मोबाईलात."

पहिल्यांदा हा प्रकार झाला तेव्हा गॅसवाला ओरडलाच. "ओ काका, काय करायलात? सोडा की हात!" मी स्वयंपाकघरातनं पळत आले. म्हटलं, "घाबरू नका हो, नंबर सांगायलेत ते." त्याला ते काही पटलं नाही. पुढच्या टाकीला दुसरा माणूस आला. त्याचे आजोबा बैलांचे व्यापारी निघाले. उपरण्याखाली हात गेल्या गेल्या त्यानं मान डोलावली, नंबर बिनचूक टाकला आणि वर म्हणाला, "अप्पा, लई दिवसांनी असा हात धरला बघा कुणीतरी." तेव्हापासून अप्पा दुसऱ्या कुणाकडून टाकी घेत नाहीत. तो रजेवर असला की आम्ही विजेच्या शेगडीवर बिल वाढवतो.

अप्पा म्हणजे माझे सासरे. धाराशिवच्या मार्केट यार्डात आमची आडत आहे, शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून द्यायचं दुकान. आता ते आमचे हे बघतात. तरुणपणी मात्र अप्पा बैलबाजारात दलाली करायचे, आणि तिथं भाव कधी तोंडानं बोलत नसत, कापडाखाली बोटांनीच ठरवत. भोवती सगळा बाजार उभा असला तरी भाव दोघांनाच ठाऊक. "तोंडातनं निघालं की ते आपलं राहात न्हाय," असं अप्पा अजून म्हणतात. उंच माणूस, कपाळाला विभूतीचे पट्टे, पांढरंशुभ्र धोतर, आणि या वयातही डोक्यावर केसांचं दाट रान. या केसांचं पुढं काम आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तर अशा माणसाच्या घरात ती बोलणारी डबी आली.

माझी नणंद वैशाली पुण्याला असते. दिवाळीला आली तेव्हा तिनं आणि जावयांनी ती आणली. दिवाणखान्यात पूर्वी जिथं रेडिओ असायचा त्या फळीवर जावयांनी स्वतःच्या हातानं ती बसवली, स्वतःच्या मोबाईलवरून चालू करून दिली, आणि अप्पांना शिकवलं. नाव घेऊन हाक मारायची, दिवा लागला की विचारायचं. अप्पांना सुरुवातीला ती लई आवडली. ट्रंक कॉलवर बोलावं तसं तिच्यासमोर उभं राहून ओरडायचे, "लातूरला सोयाबीन काय निघालं?" तिनं सांगितलं की "बरंय, ठेवतो," म्हणून बाजूला व्हायचे. सकाळी संतांची वचनं ऐकायचे, दुपारी हवामान. माणूस खुशीत होता.

मग माझे आईवडील कळंबहून आले.

आमच्याकडं विहीण घरात आली की सासरा आधीच अर्धा चोरल्यासारखा होतो. अप्पा टोपी घालून, पाय जवळ घेऊन, खुर्चीच्या काठावर बसले होते. आईनं चहाचा पहिला घोट घेतला आणि फळीवरची डबी टणटण वाजली. म्हणाली, "ही आठवण आहे. मूळव्याधीचं मलम लावा." डबीतली बाई मोठी चिकाटीची, आठवण दोनदा सांगते. "ही आठवण आहे. मूळव्याधीचं मलम लावा."

मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. अप्पांच्या चेहऱ्याकडं तर बघवत नव्हतं. आई पदराच्या टोकाचं निरीक्षण करत होती. माझ्या वडिलांनी आपल्या परीनं सावरायचा प्रयत्न केला. म्हणाले, "आमच्या कळंबला एक वैद्य आहेत, हात चांगलाय त्यांचा." यानं तर उरलंसुरलंही गेलं.

एवढ्यावर भागलं असतं तर अप्पा दोन दिवस रुसून गप्प झाले असते. पण संध्याकाळी पुण्याहून जावयांचा फोन. "अप्पा, त्रास वाढला का? मलमाचं बघितलं मी. इकडं या, चांगले डॉक्टर आहेत."

"तुमाला कुणी सांगितलं?"

"अहो, माझ्याच मोबाईलवर दिसतं ना सगळं. डबी माझ्या नावावर आहे."

अप्पांनी फोन ठेवला. मग आमच्या ह्यांना हळूच विचारलं, "महेश, सगळं म्हंजे किती?" यांनी जावयांना फोन करून चौकशी केली. सगळं म्हणजे सगळं. दिवाळीपासून डबीला जे जे विचारलं, ते ते तारीखवार पुण्याला पोचलेलं. आणि अप्पांनी काय विचारलं होतं? सोयाबीन ठीक. हवामान ठीक. पण मधे कधीतरी, एकटे असताना, त्यांनी हेही विचारलं होतं की पूर्ण टक्कल पडलेल्या माणसाला पुन्हा केस येतात का. आमच्या घरात सगळ्यांना केस आहेत. टक्कल फक्त जावयांना.

आपल्याकडं जावयापुढं सासरा ढेकरसुद्धा बेतानं देतो. त्या जावयाला मूळव्याधही कळली आणि टकलाबद्दलची काळजीही कळली. "इज्जतीचा पार भाजीपाला केला हिनं," अप्पा म्हणाले. आमच्या ह्यांनी लगेच डबी स्वतःच्या नावावर करून घेतली, मागचं सगळं बोलणं पुसून टाकलं आणि मोबाईल अप्पांच्या पुढं धरून दाखवलं, हे बघा, कोरं.

अप्पा म्हणाले, "पाटी पुसशील रे. वाचणाऱ्यानं वाचून ठेवलंय त्याचं काय करतो?"

मी शाळेत शिकवते, रोज फळा पुसते, तरी हे कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डबीवर उपरणं आलं. पिंजऱ्यातल्या पोपटावर टाकतात तसं, चारी बाजूंनी खोचून. आणि घरात एक नवीन वाक्य सुरू झालं. मी म्हणायचा अवकाश, "अहो, बँकेचा तो पासवर्ड..." की अप्पांचं बोट ओठावर. "हळू! पावणी ऐकायलीय."

पावणी म्हणजे ती डबी. पाहुणी. तिचं खरं नाव घेतलं की ती जागी होते, म्हणून घरात तिचं नाव घ्यायला बंदी झाली. पावणी, नाहीतर नुसतं "ती". पूर्वी बायका नवऱ्याचं नाव टाळायच्या तसं आम्ही सगळे त्या डबीचं नाव टाळायला लागलो. पैशाअडक्याचं, दुखण्याखुपण्याचं, नात्यागोत्याचं बोलायचं झालं तर गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं. गॅसवाल्याची बोटं दाबणंही तेव्हापासूनचंच. आमची लेक लातूरला शिकायला वसतिगृहात असते. तिच्या परीक्षेचे मार्क अप्पांनी मला जिन्यात बोटांनी सांगितले. मी शाळेतनं दमून आलेली, मला चिमटे मोजता येईनात. म्हटलं, "अप्पा, पास झाली का तेवढं सांगा." तर म्हणाले, "अगं हळू."

आता माझं एक जुनं दुखणं सांगायला हवं. मलम लावून बरं होण्यातलं नव्हतं ते.

अप्पांचं मूळ गाव मुरूमच्या पलीकडं, कर्नाटकाच्या सीमेला लागून. अप्पा आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, घरात एकमेकांशी कन्नडच बोलायचे. मी कळंबची. आमच्याकडं मराठीशिवाय दुसरं काही कानावर पडलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ही दोघं माझ्याशी छान मराठीत बोलायची, लाडानंच बोलायची. पण मी चहा ठेवून वळले की पाठीमागं कन्नड सुरू. जेवायला वाढताना अव्वा एक घास घ्यायच्या, अप्पांकडं बघायच्या, आणि कन्नडात दोन शब्द. अप्पा मान हलवायचे. मी पोळी हातात घेऊन उभी. काय बोलले? माझ्याबद्दल होतं का? माझ्या माहेराबद्दल? आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणायचे, "काही न्हाय गं, असंच." यांना कन्नड कळतं, बोलता येत नाही. कुणी काही म्हटलं की "हं, हं" करतात.

मला लई लागायचं ते. घर माझं होतं, किल्ल्या माझ्या कमरेला होत्या, आणि एक खोली तेवढी कायम बंद. आत माणसं बोलतायत हे ऐकू यायचं आणि मी दाराबाहेर. त्या खोलीत मला एकदा शिरायचं होतं, बाकी काही नको होतं. अव्वा गेल्या तेव्हा मी पोटच्या पोरीसारखी रडले, पण ते दार काही उघडलं नाही. उलट घरातलं कन्नडच थांबलं. आणि इतकी वर्षं कान देऊन बसलेल्या मला ते थांबलेलं कळलंसुद्धा नाही.

श्रावणातल्या एका सोमवारी मी भगर निवडत बसले होते. अप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. घसा साफ केला.

"सुवर्णा, गच्चीवर जाऊन जाऊन माझे गुडघे गेले. दुसरी सोय करावी लागंल."

"मग ती डबी देऊन टाका की कुणाला तरी."

"लेकीनं आणलेली वस्तू देऊन टाकतात व्हय? आं? मी काय म्हणतो, पावणीला मराठी येतं, हिंदी येतं, इंग्रजी तर येतंच. आपल्या गावाकडचं कन्नड न्हाय येत. तू शिकून घे. मग बसल्या जागी काय पाहिजे ते बोलता येतंय."

मी भगरीतनं वर बघितलं. इतकी वर्षं जे माझ्यापासून लपवायला वापरलं, ते आता डबीपासून लपवायला मला शिकवणार होते! हसावं की रडावं कळेना. म्हटलं, "अप्पा, म्हणजे आता परकी ती, आणि मी घरची?"

"तू कवा परकी होतीस?" अप्पा म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

शाळेत मी चाळीस पोरं गप्प बसवते. घरी अप्पांनी मला पाटावर बसवून गप्प केलं. शिकवायची त्यांची पद्धत म्हणजे वस्तू समोर धरायची आणि मी शब्द सांगेपर्यंत द्यायची नाही. पाणी पाहिजे? नीर म्हण. पुरे झालं? साकू म्हण. नको असेल तर ब्याड. मी एकदा रागानं तिन्ही एकदम म्हटलं. अप्पा खूश होऊन म्हणाले, "आता तू मुरूमला एकटी जाऊन ये, उपाशी मरणार न्हायस." चुकलं की कपाळावर हात मारायचे. बरोबर आलं की "चलो माडिदी!" म्हणजे शाब्बास, छान केलंस. मला या वयात शाबासकी मिळायला लागली आणि खोटं कशाला बोलू, मी शाळेतनं येताना रिक्षात शब्द घोकायला लागले. रिक्षावाला आरशातनं बघायचा.

सगळ्यात आधी पाठ झालं ते त्यांचं आवडतं वाक्य. "मेल्लक माताड्री, पावणी केळ्ताळ." हळू बोला, पावणी ऐकायलीय. हे बोलताना अप्पा उपरण्याकडं डोळ्यानं खूण करायचे आणि आम्ही दोघं चोरांसारखे कुजबुजायचो. विषय काय असायचा? शेजाऱ्यांच्या पोराचं लग्न, भाजीतली अळी, यार्डातली भांडणं. पण अप्पांचा चेहरा असा खुलायचा की बस. एका शब्दावरनं दुसरा, त्यावरनं मुरूमचा बाजार, त्यावरनं अव्वांचं माहेर. मला निम्मं कळायचं नाही. मी मधेमधे "हं, हं" केलं की मात्र चिडायचे. "महेशसारखं करू नको. हं-हं ही काय भाषा हाय व्हय? उत्तर दे."

एक दिवस धीर करून विचारलं. "अप्पा, मी नवी होते तेव्हा जेवताना अव्वा तुम्हाला कन्नडात काहीतरी सांगायच्या. रोज. काय सांगायच्या?"

अप्पा आठवायला लागले. मग एकदम हसले, खांदे हलेपर्यंत. "उप्पु कम्मी."

उप्पु मला येत होतं. मीठ. कम्मी तर सरळच आहे.

"लई कमी मीठ टाकायचीस तू. ती म्हणायची, पोरीला काय बोलू नका, नवीन हाय, मनाला लावून घेईल. गुमान खावा. म्हणून मला आधीच सांगून ठेवायची."

इतकी वर्षं मी त्या दोन शब्दांवर काय काय रचलं होतं! माझा रंग, माझं माहेर, माझ्या मानपानातल्या साड्या. सगळी कोर्टकचेरी डोक्यात चालवली होती. आणि निघालं काय, तर आमटीत मीठ कमी! मला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. अप्पा घाबरले. "आता नीट पडतंय गं मीठ," म्हणाले, "आता नीट पडतंय."

घट बसायच्या आधी आमच्याकडं सगळं घर धुऊन काढतात. अप्पा दाढीला गेले होते. मी वरच्या फळीवरचे डबे उतरवत होते. अव्वांचा फणीकरंड्याचा पत्र्याचा डबा हाताला लागला. त्यात त्यांची फणी, कुंकवाचा करंडा, केसांच्या पिना, आणि सगळ्याच्या वर गुंडाळी करून ठेवलेली एक पांढरी वायर, टोकाला प्लग.

मी दिवाणखान्यात गेले आणि डबीवरचं उपरणं उचललं. डबी होती. मागं वायर नव्हती. जिथं वायर घुसते त्या भोकात कोळ्यानं घर केलं होतं.

आमचे हे आडतीवर निघाले होते, चप्पल घालत होते. म्हटलं, "अहो, ही डबी बंद आहे?"

"कधीचीच. मी माझ्या नावावर केली ना, त्याच दिवशी अप्पांनी माझ्याकडनं वायर मागून घेतली. का? तुला माहीत न्हाय?"

"मग मला कन्नड कशाला शिकवतात?"

"मला काय माहीत? तुम्हीच दोघं कुजबुजत बसता. मला वाटलं, तुमचं काहीतरी चाललंय." आणि गेले. या माणसाला घर पेटलं तरी चप्पल आधी सापडते.

मी उपरणं हातात धरून उभी राहिले. म्हणजे मलमानंतर त्या डबीनं आमचा एक शब्दही ऐकला नव्हता. गच्चीवरच्या बैठका, जिन्यातले चिमटे, गॅसवाल्याची बोटं, सगळं एका मेलेल्या डबीला घाबरून! पण घाबरणारा माणूस वायर डब्यात ठेवून शांत झोपत होता. आणि त्यानं ती ठेवली होती अव्वांच्या फणीशेजारी.

मग एकेक लक्षात यायला लागलं. अव्वा गेल्यापासून या घरात अप्पांशी कन्नडात कोण बोललं? लेक हं-हं करतो. वैशालीला तेवढंही येत नाही. मुरूमकडचे म्हातारे एकेक करून गेले, आता तिकडनं फोन येतात ते पोरांचे आणि तेही मराठीत. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत अप्पा आमच्यासाठी मराठीत बोलत होते. मी ज्या बंद खोलीबाहेर इतकी वर्षं उभी होते, त्या खोलीत आता ते एकटे बसले होते. "मला बोलायला कुणी न्हाय" हे त्यांना मराठीत सांगता आलं नसतं, जीभ रेटली नसती. आणि कन्नडात सांगितलं असतं तर ते मला कळलं नसतं. म्हणून त्या माणसानं आधी मला भाषा शिकवायला घेतली. मला इतकं भरून आलं की मी उपरण्यालाच डोळे पुसले.

फाटक वाजलं. अप्पा गुळगुळीत दाढी करून आले होते. मी झटकन डबीवर उपरणं टाकलं, चारी बाजूंनी होतं तसं खोचलं. वायर गुंडाळून पुन्हा फणीशेजारी ठेवली आणि डबा होता तिथं सारून दिला.

चहा करून आणला. अप्पा खुर्चीत बसले होते, घर ओलं, सतरंज्या उन्हात, सगळीकडं फिनेलचा वास. त्यांनी बशीत चहा ओतला आणि मोठ्यानं म्हणाले, मराठीत, "सुवर्णा, आज त्या न्हाव्याकडं काय ऐकलं माहितीये का..."

मी बोट ओठावर ठेवलं. उपरण्याकडं डोळ्यानं खूण केली.

"मेल्लक माताड्री, अप्पा," मी म्हटलं. "पावणी केळ्ताळ."

अप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग ओल्या फरशीकडं, पुसलेल्या फळ्यांकडं, दारातनं आतल्या फळीवर दिसणाऱ्या अव्वांच्या डब्याकडं, आणि पुन्हा माझ्याकडं बघितलं. मीही बघत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि न्हाव्याकडची गोष्ट अगदी हळू आवाजात, कन्नडात, पहिल्यापासून सांगायला घेतली.

मी हं-हं केलं नाही. उत्तरं दिली.